मागे बांधलेले हात

कुसुमच्या नाकात तेल मी घातलं होतं. हे एवढं एक वाक्य बोलायला माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि आता ते लिहिताना पुन्हा हात थांबतो आहे. कुसुम ही माझी थोरली मुलगी. ती तान्ही असताना तिच्या जिवावर बेतलं. त्याचा ठपका माझ्या थोरल्या भावावर, दादांवर आला, आणि तो मी येऊ दिला. येऊ दिला म्हणणं हीसुद्धा पळवाटच आहे. तो मीच ठेवला. दादा आता नाहीत, आणि त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहायला बसलो तर पहिलं हेच लिहावं लागतं. हे वगळून मी त्यांच्याविषयी जे काही लिहीन, ते सगळं खोटं ठरेल.

ते गेल्याची बातमी गफूरभाईंनी आणली. गफूरभाई म्हणजे जानेफळला आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे पिंजारी. मी नांदुऱ्याला कापसातली सरकी काढायच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. कापसाचा हंगाम, बाहेर बैलगाड्यांची रांग लागलेली. गफूरभाई खामगावला गाडी बदलून आले होते, पण काट्यावर गाडी चढलेली पाहून ते मुकाट उभे राहिले. वजन झालं, गाडी उतरली, तेव्हा जवळ येऊन म्हणाले, "नारानभाऊ, दादा गेले. पहाटे गेले. तकलीफ नाही झाली काही." आणि माझ्या खांद्यावर बसलेला कापूस त्यांनी हातानं हळूच झटकला. किती तरी दिवसांनी माझ्या अंगाला कोणाचा तरी हात लागला, हे त्या घटकेला मनात यावं याची मलाच लाज वाटली. आता दिवस उरकले, तेरवी झाली, जानेफळच्या घराला कुलूप लागलं. मला 'नारान' म्हणून, पुढे 'बे' लावून हाक मारणारं माणूस आता कोणी उरलं नाही.

वडील लवकर गेले, तेव्हा दादा नुकते मिशा फुटलेले होते आणि मी पाळण्यातून उतरलेलो. घर त्यांनीच ओढलं. तरुणपणी तालमीत गेलेले, अंगानं दांडगे, हात तर असे की माझं डोकं एका पंज्यात मावायचं. त्यांचं लग्न झालं, वहिनी आल्या, आणि पहिल्याच बाळंतपणात गेल्या. मूल थोडा वेळ जगलं म्हणतात. दादा शेतात होते. निरोप पोचून ते धावत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. स्वतःचं मूल त्यांच्या हातात कोणी दिलंच नाही. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, आणि गावात हळूहळू एक बोलणं रुजलं की किसनदादाच्या हाताला यश नाही. पेरणीची पहिली मूठ टाकायला लोक आधी त्यांना मुद्दाम बोलवायचे. ते बोलावणं बंद झालं. कोणी तोंडावर काही म्हटलं नाही. दादांनीही कधी विचारलं नाही.

आमच्याकडे तेव्हाची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपलं मूल आपण वडीलधाऱ्यांसमोर घ्यायचं नाही. माय घरात, दादा सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत बसलेले, आणि मी माझ्या पोरीला उचललं असतं तर लाज सोडली असं झालं असतं. भावाच्या लेकराला मात्र कोणीही घ्यावं, खांद्यावर बसवावं, गावभर मिरवावं. बापानं लांबून पाहावं. मी लांबूनच पाहत होतो.

महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. वेचणी सुरू होती. माझी बायको इंदू पहिल्या बाळंतपणाला अमडापूरला माहेरी जायची होती, पण त्याआधीच, दिवस भरायच्या आतच कुसुम झाली. एवढीशी, ओंजळीत मावेल एवढी. अंगावर मांस नाही, कातडी सैल, रडणंसुद्धा मांजरीच्या पिलासारखं. गफूरभाईंनी हातानं सरकी काढलेला कापूस पुन्हा पुन्हा पिंजून तिच्यासाठी गादी करून दिली. सुईण म्हणाली, इतक्यात पाणी नको, नुसतं कोमट तेल आणि हाताची ऊब द्या, जगली तर त्यानंच जगेल. थोडे दिवस ती स्वतः येत राहिली. मग तिच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि ती परगावी गेली. मायची बोटं वातानं वाकडी झालेली. इंदू तापानं पडून. तेव्हा मायच दादांना म्हणाली, "किसना, आता तूच बस."

दादांनी स्वतःचे तळहात उलटसुलट पाहिले. म्हणाले, "माय, माहे हात म्हणजे खरारा आहे. लेकराचं कातडं निघून जाईल."

पण त्याच दिवशी ते कामाला लागले. दोरखंड वळणं बंद. कुदळ-फावडं गड्याच्या हातात. पाय घासायच्या वजरीनं त्यांनी तळहातावरचे घट्टे घासले, तूप चोळून हात फडक्यात गुंडाळून बसले. शेतकऱ्यानं वेचणीच्या दिवसांत हात मऊ करत बसावं, याची गावात चेष्टा झाली नसती तरच नवल. एकानं सपरीसमोरून जाताना विचारलं, "काय किसनदादा, बाळंतपण कोणाचं आहे? भावजयीचं का तुमचं?" दादा मान वर न करता म्हणाले, "माहं. जाय, घरून डिंकाचे लाडू धाडून दे."

भासऱ्यानं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, बाळंतिणीच्या खोलीत जायचं नसतं. म्हणून ऊन भिंतीवर चढलं की माय कुसुमला बाहेर सपरीत आणी. दादा पाय लांब करून बसलेले असत, शेजारी शेगडी, वाटीत तिळाचं तेल. तेल आधी स्वतःच्या मनगटावर टाकून पाहत, हात शेकून घेत. आणि मग लगेच चोळायला लागत नसत. पोरीच्या पोटावर नुसता तळहात ठेवून थांबत. "आलो बरं का बाई," म्हणत. ती आधी दचके, हात झटकन वर फेकी. हात तसाच राहिला की हळूहळू तिची मूठ सुटे. मग तळपायापासून वर, मांड्या, पोटावर गोल, छातीवरून बाहेर, शेवटी पालथी घालून पाठ. ती रडली की दादा थांबत, पोट भरलेलं असलं की हात लावत नसत. मायला हे पटत नव्हतं. डोकं दाब, नाक ओढ, जोर लाव, असं ती ओट्यावरून सांगत राही. दादा म्हणत, "मडकं नाही घडवून राह्यलो, माय." आणि आपल्याच गतीनं हात फिरवत.

पोरगी भरत गेली. आधी दूध ओढताना दमून झोपायची, ती जोरानं ओढायला लागली. सुरकुतलेल्या मांड्यांवर वळ्या आल्या. तेल लावून, कोमट पाण्यानं अंग पुसून घेतलं की अशी झोपायची की माय वाकून तिचा श्वास पाहायची. मी हे सगळं खांबाआडून पाहिलं. दादांचा चेहरासुद्धा पाहिला. वहिनी गेल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता... झालाही असेल. पण दादा फाटकातून खोकले तरी कुसुमचं रडणं थांबायचं, आणि माझा आवाज तिला माहीतही नव्हता, हे मला रोज थोडं थोडं टोचायला लागलं.

एके दुपारी माय वेचणीचे पैसे वाटायला शेतात गेली होती, दादाही तिकडेच. इंदू झोपलेली. सपरीत पाळण्यात कुसुम जागी होती. मी तिला उचललं. पहिल्यांदा. कापसाच्या बोंडात हात घालावा तसं वाटलं. आणि ती रडली नाही, माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, हिच्यासाठी आपणही काहीतरी करावं, दादा करतात त्यातलं एखादं तरी. तेल लावावं. चुलीजवळची हाताला लागली ती वाटी मी घेतली. तेवढ्यात फाटक वाजलं. लहानपणी आमच्या नाकात-कानात तेल सोडत, ते मला आठवत होतं. दादांनी ते कधी केलं नव्हतं, पण माझ्याजवळ दुसरं काही करायला वेळ नव्हता. घाईत मी वाटी वाकडी केली. थेंब सोडायचे होते, धार लागली. पोरगी गुदमरली. ओठ काळे पडल्यासारखे झाले, मग खोकली, मग किंचाळली. मी तिला पाळण्यात ठेवलं आणि मागच्या दारानं गोठ्यात निघून गेलो. बापानं पळून जावं असं काय घडलं होतं? माय घरात येत होती, एवढंच.

रात्र पडायच्या आत ताप चढला, छाती घरघरायला लागली. दुसऱ्या दिवशी मेहकरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, नाकात तेल कोणी घातलं? मी म्हटलं, घरात घालतात. ते रागावले. म्हणाले, नाकातलं तेल सरळ छातीत उतरतं, तान्ह्या मुलाच्या नाकाकानात तेलाचा थेंबही जाता कामा नये. मग तिची मांडी बोटांनी चाचपून म्हणाले, "दिवसांआधी झालेली मुलगी एवढी भरली आहे, ती या मालिशीमुळे. ज्याचा हात आहे त्याला सांगा, बरी झाली की पुन्हा सुरू करा." हे ऐकायला मी एकटा होतो, इंदू बाहेर बाकावर पडून होती. घरी मी त्यातलं काहीच सांगितलं नाही.

कुसुम वाचली. आम्ही गाडीनं परत आलो तेव्हा माय, गफूरभाई आणि दादा सपरीत वाट पाहत होते. दादांनी शेगडी पेटवून ठेवली होती. इंदू पोरीला घेऊन गाडीतून उतरली तसे ते पुढे आले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. माय म्हणाली, पण झालं तरी कसं असं एकाएकी? सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आणि मी म्हणालो, "दादा, हात नका लावू तिले. तुमचं गेलं तेवढं बस झालं. माहं ठेवा."

दादांचे हात तसेच थोडा वेळ पुढे राहिले. मग त्यांनी ते मागे नेले, पाठीशी एकात एक धरले. "बरं," म्हणाले, आणि शेगडीतले निखारे विझवायला गेले.

त्यानंतर मी कधी दादांना लहान मुलाला हात लावताना पाहिलं नाही. माझ्याच मुलांना नव्हे, कोणाच्याच. गफूरभाईंची नातवंडं अंगणात खेळत, तेव्हा दादा हात मागे बांधून उभे राहत. पुढल्या वर्षी मी नांदुऱ्याला नोकरी धरली आणि बिऱ्हाड हलवलं. सुटीत आलो की कुसुम त्यांच्याकडे धावे. ते खाली वाकून तिच्याशी खूप बोलत, हसत, शेतातून बोरं आणत, पण तिच्या हातात देत नसत. ओट्यावर ठेवत आणि मागे सरत. तिनं एकदा मला विचारलं, "बाबा, मोठेबाबाचे हात दुखतात काय?" मी म्हटलं, म्हातारे होऊन राह्यले ते. तेव्हा दादांच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता.

माय गेल्यावर ते त्या घरात एकटे राहिले. एका वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी अचानक गेलो. त्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, हळद आणि तूप लावून चोळतात. गावभर ते काम उरकलं होतं. आमच्या गोठ्यात दादा अजून बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे होते. चोळत नव्हते. नुसता तळहात ठेवला होता आणि बैलानं डोळे मिटले होते. मी दारातूनच मागे फिरलो, आणि पाराजवळ थोडा वेळ काढून, नुकताच आल्यासारखा पुन्हा आलो. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, लेकराला हात लागतो तसा हातालाही लेकरू लागत असेल. मोठ्या माणसाला कोण शिवतं? बायको नाही, माय नाही, मूल नाही... दादांच्या अंगाला वर्षभरात कोणाचा हात लागत असेल?

माझा लागत असे, दिवाळीला. मी पाया पडत असे. आमच्याकडे भावाची माफी मागायची रीत नाही, पाया पडायची आहे. दर दिवाळीला मी डोकं त्यांच्या पायावर टेकवी आणि मनात म्हणे, झालं, यात सगळं आलं. दादा "सुखी राहा बे" म्हणत. पाठीवर हात मात्र ठेवत नसत. आणि मी सुटलो अशा हलक्या अंगानं नांदुऱ्याची गाडी पकडी.

या दिवाळीनंतर त्यांचं पोटाचं दुखणं बळावलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. आम्ही भेटायला गेलो: मी, इंदू, आणि बाळंतपणाला आलेली कुसुम तिच्या मुलाला घेऊन. दादा बाजेवर होते, त्या दांडग्या माणसाचं काही उरलं नव्हतं. कुसुमनं बाळाला अलगद त्यांच्या कुशीजवळ ठेवलं. दादांनी दोन्ही हात गोधडीखाली ओढून घेतले.

"घे बाई त्याले. माह्याजवळ नको."

कुसुमला वाटलं, दुखण्यामुळे म्हणत असतील. ती बाळाला घेऊन इंदूकडे आत गेली. गफूरभाई दारात बसले होते. मी बाजेजवळ राहिलो. कधी नव्हे तो मी तोंड उघडलं. "दादा, ते तेल..." एवढंच बोलता आलं.

"जवसाचं होतं," दादा म्हणाले.

मला काही कळेना. ते थांबत थांबत बोलत होते.

"मी तिळाचं लावो. त्या दिवशी पोट्टीच्या तोंडाले, झबल्याले जवसाच्या तेलाचा वास येऊन राह्यला होता. अन् तुह्या बाहीलेबी."

"मंग तुम्ही बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो तं मायनं तुले पुन्हा जवळ येऊ देलं असतं काय तिच्या?" त्यांनी दम घेतला. "बापाचा हात पहिल्यानंच लागला होता लेकराले. तो म्या तोडाचा काय?"

मग दादाच म्हणाले, "तेलाचं काही नाही, नारान. चुकते माणूस. पण ते जे बोलला तू..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तोंड भिंतीकडे केलं.

सवयीनं माझा हात त्यांच्या पायांकडे गेला, आणि मी तो मागे घेतला. इतकी वर्षं मी तेच करत आलो होतो. जे तोंडानं केलं ते पायावर डोकं ठेवून फिटणार नव्हतं, आणि जे चारचौघांत बोललो ते एकट्यात कुजबुजून परत घेता येणार नव्हतं. मी इंदूला हाक मारली. कुसुमला बाळ घेऊन बाहेर ये म्हटलं. गफूरभाईंना आत बोलावलं. त्या दिवशी सपरीत असलेल्यांपैकी एक मायच तेवढी नव्हती. सगळे बाजेभोवती घाबरून उभे राहिले, त्यांना वाटलं दादांचं काही झालं. दादांनी मान वळवून पाहिलं. मी उभा राहूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"दादा, पोरीच्या नाकात तेल म्या घातलं, अन् नाव तुमच्यावर टाकलं. तुमच्या हाताले यश नाही म्हणून जे बोललो ते खोटं होतं, अन् बोलताना मले माहीत होतं की ते खोटं आहे. ही कुसुम जगली ते तुमच्या हातानं. डॉक्टरनं तवाच सांगितलं होतं, म्या लपवलं. तुमचे हात म्या बांधले, दादा. माहं चुकलं. मले माफ करा."